गच्चीवरचे ऊन कोणाचे?

ऊन ही फुकटची गोष्ट आहे, असे आपण लहानपणापासून मानत आलो. पाण्यावरून गावे भांडली, बांधावरून भाऊ भावाचा वैरी झाला, खिडकी कुठे काढायची यावरून शेजारी कोर्टात गेले. पण उन्हावरून कोणी कोणाशी भांडल्याचे ऐकिवात नव्हते. ऊन सर्वांचे होते, म्हणजेच कोणाचेच नव्हते. आता तसे राहिलेले नाही. उन्हाची वीज होते, त्या विजेवर मोटार चालते, आणि मोटारीच्या इंधनाचा महिन्याचा खर्च सगळ्यांनाच ठाऊक आहे. ज्या वस्तूला किंमत येते, तिच्यामागोमाग मालकीचा प्रश्न येतो. मालकी आली की न्याय-अन्यायाचा प्रश्नही दारात उभा राहतो. तो प्रश्न इंजिनिअरवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

शीळफाट्यावर हा प्रश्न जितका उघडा पडतो तितका क्वचितच कुठे पडत असेल. मुंब्रा, कल्याण, पनवेल आणि महापे अशा चार दिशांच्या वाटा इथे एकत्र येतात. बंदराकडून आलेले कंटेनर, नाशिक-गुजरातकडे निघालेले ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या, रिक्षा, दुचाकी, सारे एकमेकांच्या धुरात उभे असतात. त्या गर्दीत हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे असलेल्या गाड्या आता सहज दिसतात. या गाड्या धूर सोडत नाहीत, फारसा आवाजही करत नाहीत. एका बाजूला मोठमोठी गृहसंकुले, दुसऱ्या बाजूला भंगाराची गोदामे, मध्ये डायघरचा कचरा प्रकल्प आणि खालून जाणारा बुलेट ट्रेनचा एकवीस किलोमीटरचा बोगदा. एकाच फाट्यावर इतक्या प्रकारचे भविष्यकाळ एकमेकांना खेटून उभे आहेत.

आधी हिशोब मांडू. नीतीची चर्चा आकड्यांना सोडून केली की ती प्रवचन होते. महाराष्ट्रात एक किलोवॅटचे सौरपॅनल दिवसाला साधारण चार युनिट वीज देते. पावसाळ्यात कमी, चैत्र-वैशाखात थोडी जास्त. त्यासाठी सावली न पडणारी सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. मध्यम आकाराची विजेची मोटार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. शीळफाट्यावरून रोज वीस किलोमीटर जाऊन वीस किलोमीटर परत येणाऱ्या माणसाला दिवसाला सहा युनिट पुरतात. म्हणजे दीड किलोवॅट, म्हणजे दीडशे चौरस फूट गच्ची. पेट्रोलच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. स्वतःचा बंगला असेल तर प्रश्नच मिटला. त्याने उद्या सकाळीच पॅनल बसवावे आणि अल्लाहचे आभार मानावेत.

पण आपल्यापैकी किती जणांचा बंगला आहे? समजा, सात मजल्यांची एक इमारत आहे आणि मजल्यावर चार घरे. एकूण अठ्ठावीस बिऱ्हाडे. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि त्यांची सावली वगळता दोन हजार चौरस फूट जागा उरते. तिच्यावर वीस किलोवॅट बसतील, दिवसाला ऐंशी युनिट मिळतील. पाणी चढवणारा पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे यांना वीस-पंचवीस युनिट दिले, तर उरलेल्यातून प्रत्येक घराच्या वाट्याला दोन युनिट येतात. मोटारवाल्याला हवेत सहा. म्हणजे एका घराची मोटार तीन घरांचे ऊन पिते. हे विधान कठोर वाटेल, पण तो साधा भागाकार आहे. आकाशातले ऊन अमर्याद असेल. गच्चीवरचे ऊन मोजके आहे.

यावर कायदा काय म्हणतो? गच्ची ही इमारतीची सामाईक जागा, ती वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची नव्हे. पार्किंगबद्दलही २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने एका मुंबईच्याच खटल्यात सांगितले की, इमारतीखालची पार्किंगची जागा बिल्डरला सदनिकेसारखी सुटी विकता येत नाही, तीही सामाईकच. म्हणजे पॅनल जिथे बसायचे ती जागा सर्वांची आणि मोटार जिथे उभी करून चार्ज करायची ती जागाही सर्वांची. मधली तार तेवढी एकट्याची.

पण शीळ-मुंब्रा परिसरात कायद्याची भाषा अर्ध्या वाटेत थांबते. इथे गच्चीखालच्या भिंतीच कागदावर नसतात. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ-डायघरच्या लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. सात मजले उभे होते, आठवा चढत होता, आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहायला आलेली होती. चौऱ्याहत्तर माणसे गेली; त्यांत मजूर होते, बायका होत्या, मुले होती. १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबईतून कितीतरी कुटुंबे जीव मुठीत धरून मुंब्रा-कौशात आली. डोक्यावर छप्पर मिळते आहे एवढेच त्यांनी पाहिले. नकाशा मंजूर आहे का, पाया किती खोल आहे, हे विचारण्याची त्यांची परिस्थिती नव्हती. ज्या इमारतीचा भरवसा नाही तिच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा आणि पंचवीस-तीस किलोचे एकेक पॅनल कोण चढवणार? आणि जो हेवी डिपॉझिटवर राहतो, ज्याच्या नावावर घर नाही आणि वीजमीटरही नाही, त्याने सौरवीज योजनेचा अर्ज कोणत्या नावाने भरायचा? ऊन सर्वांवर सारखे पडते हे खरे. पण ते पकडायला आधी कायदेशीर छप्पर लागते. छप्पर असणाऱ्यालाच ऊन मिळते, हा आपल्या काळाचा नवा नियम झाला आहे.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला काही आधार आहे का? मला दोन शिकवणी आठवतात, आणि गंमत म्हणजे त्या प्रथमदर्शनी एकमेकींच्या विरुद्ध दिशेने बोलतात. पहिली, पाणी, चारा आणि आग या तीन गोष्टींत माणसे एकमेकांची भागीदार आहेत, असे सांगणारी हदीस. वाळवंटातल्या समाजात जगण्याला लागणाऱ्या मूळ गोष्टी या तीनच. कोणी विहिरीवर बसून राहावे आणि तहानलेल्याला हाकलावे हे तिथे मान्य नव्हते. आग म्हणजे चूल, ऊब, उजेड. आजच्या भाषेत ऊर्जा. या न्यायाने पाहिले तर उन्हावर कोणालाही एकट्याची मालकी सांगता येणार नाही.

दुसरी शिकवण शेजाऱ्याविषयीची. तुमच्या भिंतीत शेजाऱ्याला तुळई बसवायची असेल तर त्याला अडवू नका, अशा आशयाची ती हदीस आहे. म्हणजे भिंत तुमची, तिच्यावर तुमचा हक्क पूर्ण. पण तुमचे काही बिघडत नसेल आणि त्याची गरज भागत असेल, तर नाही म्हणण्याचा अधिकार गाजवू नका. या न्यायाने, सोसायटीतल्या एखाद्याने गच्चीच्या कोपऱ्यात सहा पॅनल बसवायची परवानगी मागितली, तर ‘आमच्याकडे मोटार नाही, मग तुझी का चालावी’ एवढ्या कारणावरून त्याला अडवणे हेही शेजारधर्माला धरून नाही. बैठकीत अशा वेळी तत्त्वाच्या नावाखाली बऱ्याचदा मत्सरच बोलत असतो, हे आपण मान्य केले पाहिजे.

या दोन शिकवणींचा मेळ कसा घालायचा? मला वाटते, तो ‘अमानत’ या शब्दात आहे. गच्ची मोकळी पडली आहे, कोणी मागत नाही, तोवर एकाने ती वापरावी. पॅनलला पैसे त्याने घातले, परवानग्यांसाठी हेलपाटे त्याने घातले. त्याच्या कष्टाचे फळ त्याला मिळावे. पण जागा त्याला मालकीने मिळालेली नाही, विश्वासाने मिळालेली आहे. उद्या दुसरा बिऱ्हाडकरू आपला वाटा मागायला आला, तर पहिल्याने सरकून जागा द्यावी. ‘मी आधी आलो’ हा लोकलच्या सीटवरचा न्याय झाला. गच्चीवर तो चालू नये. आधी आलेल्याला आभार मिळावेत, गच्चीचा सातबारा नव्हे.

आता दुसरा भाग, स्वच्छतेचा. विजेची गाडी घेणारे कित्येक जण ‘माझी गाडी उन्हावर चालते’ असे सांगतात. हे अर्धे सत्य आहे. शीळफाट्याचा नोकरदार सकाळी गाडी घेऊन महाप्याला, तळोज्याला, मुंबईला जातो. ऊन असते तेव्हा गाडी घरी नसते, गाडी घरी येते तेव्हा ऊन गेलेले असते. मग होते असे की, दिवसा गच्चीवर झालेली वीज वितरणाच्या जाळ्यात जाते, रात्री गाडी त्याच जाळ्यातून वीज घेते आणि नेट मीटर दोन्हींची वजाबाकी करते. बिल शून्यावर येते. पण रात्री गाडीत शिरलेली वीज उन्हाची नसते. ती बरीचशी कोळशाची असते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तिथली राख आणि धूर तिथल्याच माणसांच्या छातीत जातात, आपल्या नव्हे. अर्थात दुपारी आपण जाळ्यात सोडलेली वीज कुठल्यातरी पंख्याला लागली आणि तेवढा कोळसा वाचला, हेही तितकेच खरे. म्हणून सौरवीज घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. एवढेच की, मीटरची वजाबाकी म्हणजे पाप-पुण्याची वजाबाकी नव्हे. गाडी दिवसा जिथे उभी असते तिथे, कंपनीच्या वाहनतळावर, कारखान्याच्या पत्र्यावर, स्टेशनबाहेरच्या पार्किंगवर पॅनल असतील, तर उन्हाची गाडी हे नाव खरे ठरेल.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. घरावर सौरपॅनल असले, बाहेर लख्ख ऊन असले, तरी वितरणाची वीज गेली की बॅटरी नसलेल्या साध्या यंत्रणेतून येणारी वीजही बंद पडते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्यांत बिघाड होऊन मुंबई-ठाणे परिसर अंधारात गेला. सकाळची वेळ होती, आकाशात सूर्य होता, तरी अशा यंत्रणांचा त्या वेळी उपयोग नव्हता. हा दोष नव्हे. हे मुद्दाम केलेले असते. वीज गेल्यावर खांबावर चढलेला वायरमन तार निर्जीव आहे असे समजून हात लावतो. आपल्या गच्चीवरची वीज त्या तारेत गेली तर तो मरेल. त्याचा जीव वाचावा म्हणून आपले यंत्र स्वतःहून थांबते. मला या व्यवस्थेत मोठी नीती दिसते. ज्याला आपण स्वावलंबन म्हणतो तेही एका अनोळखी माणसाच्या सुरक्षिततेच्या अटीवर मिळालेले असते.

ही आठवण इथल्या वाचकाला वेगळी सांगायला नको. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात वीजगळती आणि वसुली यांच्या प्रमाणावर वाहिन्यांचे गट पाडले गेले होते. जिथे गळती जास्त, तिथे अंधार जास्त. व्यवहार म्हणून ते समजण्यासारखे होते. न्याय म्हणून नव्हते. कारण त्याच वाहिनीवर वेळेवर बिल भरणारी विधवाही होती आणि आकडा टाकणारा कारखानदारही. अंधार मात्र दोघांना सारखा. मार्च २०२०मध्ये शीळ-मुंब्रा-कळवा भागाचे वितरण खासगी फ्रँचायझीकडे गेले. त्याचा ताळेबंद हा वेगळा विषय आहे. माझा मुद्दा निराळा आहे. अंधाराच्या त्या वर्षांत ज्याच्या हातात पैसे होते त्याने इन्व्हर्टर घेतला, आणि इन्व्हर्टर घेतल्यावर भारनियमनाविरुद्धच्या मोर्चात जाणे सोडले. ज्यांचा आवाज ऐकला गेला असता तेच गप्प झाले. सामाईक दुखण्यावर खासगी औषध मिळाले की सामाईक उपचार थांबतो.

सौरवीजही दुसरा इन्व्हर्टर ठरू शकते. राज्यात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्यांचे आहेत. जास्त वापरणारा दर युनिटला जास्त देतो, म्हणून कमी वापरणाऱ्याचा दर खाली राहतो. हा जास्त वापरणाराच गच्चीवर पॅनल लावून बिलातून बाहेर पडला, तर तारा, रोहित्रे आणि उपकेंद्रांचा खर्च कोणाकडून निघणार? ज्याला पॅनल लावता आले नाही त्याच्याकडून. म्हणजे ज्याच्याकडे छप्परही नाही आणि मोटारही नाही, त्याच्या बिलात आपल्या स्वच्छ मोटारीचे दोन-चार रुपये हळूच चढतील. त्याने ते कधी मान्य केले नव्हते आणि त्याला ते कळणारही नाही.

महाराष्ट्राने ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहे. मुंबईला वीज हवी म्हणून मुळशीला धरण झाले आणि मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह झाला. तो हरला. मुंबईच्या गिरण्यांना आणि घरांना वीज मिळाली. ज्यांच्या शेतावर ती वीज झाली, त्यांच्या घरी कंदीलच राहिला. एकाच्या उजेडाची किंमत दुसऱ्याच्या अंधारात मोजली जाऊ नये, हा मुळशीचा धडा गच्चीएवढ्या जागेतही लागू आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. असा काटेकोर हिशोब करत बसलो तर कोणीच सुरुवात करणार नाही. पहिल्यांदा श्रीमंत घेतात, मग भाव उतरतात, मग गरिबांना मिळते. मोबाइलचे असेच झाले. खुद्द सौरपॅनलचेही असेच झाले. जर्मनीने २००० साली कायदा करून सौरविजेला चढा दर दिला, तिथल्या लोकांनी महाग पॅनल घेतले, कारखाने वाढले, आणि म्हणून आज आपल्याला तीन किलोवॅटची यंत्रणा दीड-दोन लाखांत मिळते. हे सगळे खरे आहे. पुढे जाणाऱ्याने वाट केली याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे. पण वाट करणाऱ्याने वाट अडवून बसू नये. मोबाइल एकाने घेतला म्हणून दुसऱ्याचा मोबाइल कमी होत नव्हता. गच्चीचे तसे नाही. तिथे एकाचे पॅनल बसले की दुसऱ्याची जागा खरोखर जाते. शिवाय गच्ची म्हणजे नुसती वीज तयार करण्याची जागा नव्हे. तिथे गोधड्या वाळतात, पापड वाळतात, पोरे पतंग उडवतात, रमजानच्या शेवटी चंद्र शोधायला सगळी इमारत तिथेच जमते. यातले काहीच युनिटमध्ये मोजता येत नाही, म्हणून ते हिशोबातून वगळायचे का?

मग करावे काय? उपाय आहे आणि तो फार दूर नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एकेकट्या घराला जास्तीत जास्त अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांचे अनुदान ठेवले आहे, हे बहुतेकांना माहीत आहे. त्याच योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी, गाड्या चार्ज करण्याच्या सोयीसह, दर किलोवॅटला अठरा हजार रुपये ठेवले आहेत, हे फार थोड्यांना माहीत आहे. म्हणजे ‘सर्वांसाठी’ हा मार्ग सरकारी कागदावरही आहे. आपल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो नसतो. माझ्या मते क्रम असा असावा. आधी पंप, कारण पाणी प्रत्येकाच्या नळाला येते. मग लिफ्ट आणि जिना, कारण म्हातारी माणसे आणि गरोदर बायका त्यांवर अवलंबून असतात. मग ज्याचे पोट चाकावर आहे त्याची रिक्षा, डिलिव्हरी करणाऱ्या पोराची दुचाकी. आणि त्यानंतर मोटार. मोटारीने रांगेत उभे राहण्यात कमीपणा नाही. ती रांगेत आहे, हेच तिला पुरे.

आणि ज्यांच्या इमारतीवर पॅनल चढवताच येत नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी मोहल्ल्यात मजबूत आणि मंजूर छप्परे शोधावी लागतील. शाळा, मदरसे, मशिदी, जमातीची सभागृहे. पॅनल पंचवीस वर्षे चालते. विहीर खणणे, झाड लावणे हे आपण सदका-ए-जारिया मानतो. तसे शाळेच्या छपरावरचे ऊन अभ्यासिकेच्या दिव्याला, दवाखान्याच्या औषधांच्या फ्रीजला लावणे हे का नसावे? ज्याने स्वतःच्या मोटारीसाठी तीन किलोवॅट घेतले, त्याने एखादा किलोवॅट अशा छपरावर लावला तर त्याची मोटार अधिक हलकी धावेल.

शेवटी बॅटरीविषयी. आठ-दहा वर्षांनी, नाहीतर पंधरा वर्षांनी, ती थकेल. मग कुठे जाईल? ऑगस्ट २०२२च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नियम चांगला आहे. पण भंगाराला नियमापेक्षा भाव लवकर कळतो. तो भाव शीळफाट्याच्या गोदामांपर्यंत पोचला, तर ती बॅटरी हातोड्याने फोडणारे हात आपल्याच वस्तीतल्या पोरांचे असतील. म्हणून आज गाडी घेतानाच ‘ही बॅटरी परत कोण घेणार?’ हे लेखी विचारून ठेवणे हाही इबादतीइतकाच गंभीर विषय आहे. माणसांचे हक्क माणसांनीच माफ करावे लागतात, ते नमाजने फिटत नाहीत, हे आपण मुलांना शिकवतो. ते मोटारीलाही लागू आहे.

विजेची गाडी घ्यावी, सौरपॅनल लावावे. शीळफाट्याच्या हवेला त्याची गरज आहे. मात्र रात्री गाडीला तार जोडताना तीन माणसे मनात असावीत: खालच्या मजल्यावरचा भाडेकरू, खांबावरचा वायरमन आणि चंद्रपूरचा राखेत श्वास घेणारा मजूर. त्यांना विसरून झालेली बचत ही फक्त बचत असते. त्यांना धरून झालेली बचत बरकत होते.